कुठून मोजायचं?

२०२२ च्या नोव्हेंबरात कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे तेल अवीवला होतो. क्लायंटच्या टीममधल्या माझ्याच वयाच्या एकाला मी महाराष्ट्रातला आहे हे कळलं, तेव्हा तो म्हणाला, "माझी आजी तुमच्याकडची. तिच्याशी कुणी मराठीत बोललं की आठवडाभर खूश असते." शुक्रवारी तिकडे ऑफिसला सुट्टी. सकाळी तो मला गाडीतून लोदला घेऊन गेला. विमानतळाला अगदी लागून असलेलं शहर. चार-चार मजली जुन्या इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. ज्यू आणि अरब दोघंही राहतात.

आजी मूळची रेवदंड्याची, बेने इस्रायल. १९६६ साली, एकोणीस वर्षांची असताना, नवऱ्याबरोबर इकडे आली. तिनं माझ्यासमोर वाटीत मलिदा ठेवला. पोहे, साखर, ओलं खोबरं, वर सफरचंदाच्या फोडी. नातीला नोकरी लागली म्हणून आदल्या दिवशी एलियाहू हनबीचा नवस फेडला होता, त्यातला राखून ठेवलेला. मग तिनं विचारलं, "भाऊच्या धक्क्यावरून बोट अजून सुटते का रे?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची मोकळी जागा दिसत होती. तिथे पिवळसर दगडांची एक भिंत उभी होती, वर अर्धी कमान, बाजूला अंजिराचं झाड. मी सहज विचारलं, "आजी, हे कुणाचं घर होतं?"

"आम्ही आलो तेव्हापासून असंच आहे. अंजिरं मात्र गोड असतात हं त्याची."

नातवानं फोनमध्ये डोकं घातलं. थोडा वेळ गेला. मग आजी आपणहून म्हणाली, "आम्ही काही कुणाला हाकलायला आलो नव्हतो, बाळा."

तिनं हाकललं असं कुणी म्हटलंच नव्हतं.

त्या रात्री हॉटेलात मी लोदबद्दल वाचत बसलो. अरबीत या गावाचं नाव अल-लिद. १९४८ च्या जुलैत इस्रायली सैन्यानं ते घेतलं आणि १२ जुलैला तिथल्या लोकांना गाव सोडायचा हुकूम झाला. लोद आणि शेजारचं रामला मिळून पन्नास ते सत्तर हजार माणसं ऐन उन्हाळ्यात पूर्वेकडे चालत निघाली. वाटेत कित्येक तहानेनं गेली. रिकाम्या झालेल्या गावात युरोपातून, अरब देशांतून आलेले ज्यू राहायला आले, आणि मागाहून रेवदंड्याची एक मुलगीही आली. तिच्या पूर्वजांचं अरबांशी कधीही भांडण झालेलं नव्हतं. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी, म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखली जाणारी ही माणसं. त्यांना छळामुळे भारत सोडावा लागलेला नाही. मग या भांडणात ती कधी शिरली? आणि मुळात भांडण सुरू कधी झालं?

पुढच्या वर्षी ७ ऑक्टोबर झालं आणि मग गाझा. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळेच मध्यपूर्वेचे अभ्यासक झाले. एका काकांनी निकाल दिला, "हे हजारो वर्षांचं वैर आहे, ते मिटणारं नाही." त्यावर सतरा अंगठे.

हे वाक्य मला तेव्हापासून छळतंय, कारण ते चूक आहे आणि तरी फार सोयीचं आहे. हजारो वर्षांचं म्हटलं की कुणालाच काही विचारायला नको. पाऊस पडतो तसं ते भांडतात.

आता हे खरं, की इस्लामी राजवटींत ज्यू बरोबरीचे नागरिक नव्हते. त्यांना जिझिया द्यावा लागे, दुय्यम दर्जा पत्करावा लागे. मधूनमधून भयंकर गोष्टीही घडल्या. १०६६ साली ग्रॅनडात ज्यूंची कत्तल झाली. तत्त्वज्ञ मायमोनिडीसच्या घराण्याला अल्मोहाद राजवटीच्या धाकानं कॉर्डोबा सोडावं लागलं. पण तोच मायमोनिडीस पुढे कैरोत सलादिनच्या दरबाराशी जोडलेला वैद्य झाला आणि त्यानं आपले अनेक ग्रंथ अरबी भाषेत, हिब्रू लिपीत लिहिले. १४९२ मध्ये स्पेननं ज्यूंना हाकललं तेव्हा त्यांतल्या पुष्कळांना ऑटोमन साम्राज्यात जागा मिळाली. त्या काळाला सुवर्णयुग म्हणणं मला भाबडेपणाचं वाटतं. पण 'या जमिनीवर एकाच लोकसमूहाचं राज्य असू शकतं, आमचं किंवा तुमचं' हे भांडण त्यात कुठेही नाही. १८८० च्या सुमारास पॅलेस्टाइनमध्ये साधारण पाच लाख माणसं होती आणि त्यांत पंचवीसेक हजार ज्यू. जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद, तिबेरियास या गावांत ते पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांतल्या अनेकांच्या घरात अरबीच बोलली जाई.

म्हणजे भांडणाचं वय दीडशे वर्षांच्या आतलं. एवढ्या काळाची कागदपत्रं असतात, पत्रं असतात, खरेदीखतं असतात. निर्णय घेणाऱ्यांची नावं असतात.

आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की दुसऱ्या दिवशी एक मीटिंग होते. 'का?' असा प्रश्न पाच वेळा विचारायचा आणि मूळ कारणापर्यंत जायचं. मी सवयीनं तेच करायला लागलो. आणि पहिल्या 'का'ला जे हाती लागलं ते धर्मग्रंथात नव्हतं, सातबाऱ्यासारख्या एका रुक्ष गोष्टीत होतं.

१८५८ साली ऑटोमन सरकारनं जमीन कायदा केला. ज्याच्या नावावर नोंद त्याची जमीन. गावोगावचे शेतकरी तोवर जमीन कसत होते, पुष्कळ ठिकाणी ती सामायिक असे आणि ठरावीक वर्षांनी वाटे बदलत. नोंद करायची म्हणजे करवसुलीच्या यादीत जायचं, सैन्यभरतीच्या यादीत जायचं. लोक घाबरले. जमिनी शहरातल्या बड्या माणसांच्या नावावर चढल्या, काही सरकारनंच विकल्या. बैरूतच्या सुरसॉक या सावकार-व्यापारी घराण्यानं १८७० च्या सुमारास मर्ज इब्न आमेरच्या सुपीक खोऱ्यात गावंच्या गावं घेतली. कसणारे तेच राहिले. मालक बदलला हे त्यांना फारसं जाणवलंही नसेल, कारण मालकानं कधी नांगर धरला नव्हता आणि त्यांना कधी उठवलं नव्हतं.

पुढे ज्यू संस्था जमीन विकत घेऊ लागल्या तेव्हा त्यांनी ती अशा मालकांकडून घेतली. रोख पैसे मोजून, पुष्कळदा बाजारभावापेक्षा जास्त. कागद चोख. फक्त त्यांना जमीन मोकळी हवी होती, कारण तिच्यावर स्वतः ज्यूंनी राबावं हा त्यांचा आदर्श होता. गंमत म्हणजे आदर्श म्हणून तो वाईट नाही. दुसऱ्याच्या श्रमावर जगायचं नाही, वसाहतवाल्यांसारखे मजूर ठेवायचे नाहीत, असंच त्यात होतं. पण त्याचा अर्थ तिथल्या कुळानं निघून जायचं असा झाला.

१९१० साली नासरतचा ऑटोमन अधिकारी होता शुक्री अल-असली. दमास्कसचा अरब. सुरसॉकांपैकी एकानं अल-फुला गाव ज्यू संस्थेला विकलं, तेव्हा हा अधिकारी आडवा आला. त्यानं कागद हस्तांतरित करायला नकार दिला, वर्तमानपत्रांत लेख लिहिले. फुलामध्ये क्रुसेडच्या काळातल्या किल्ल्याचे अवशेष होते, ते सलादिनशी जोडून त्यानं लोकांना साद घातली. वरून हुकूम आला, व्यवहार झाला आणि तिथे मेरहाविया ही ज्यू वसाहत उभी राहिली. अल-असली ऑटोमन संसदेत निवडून गेला, तिथेही हाच विषय मांडत राहिला. १९१६ मध्ये तुर्की सेनापती जमाल पाशानं इतर अरब राष्ट्रवाद्यांबरोबर त्याला फाशी दिलं. सुरसॉकांच्या खोऱ्यातल्या उरलेल्या बहुतेक जमिनी १९२० च्या दशकात ब्रिटिश अमलाखाली विकल्या गेल्या आणि वीसेक गावं उठली.

फुलाचा कुळवाडी मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस वाटतो. त्याचं नाव कुठे नाही. त्याच्यावर कुणीही बेकायदा काही केलं नाही. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता, घेणाऱ्यानं पैसे दिले होते. आणि तरी त्याचा गाव गेला. कायद्यानं बरोबर आणि तरी अन्याय, असं असू शकतं का? आपल्याकडे कुळकायदा का आणावा लागला हे ज्याच्या आजोबांनी पाहिलंय, त्याला याचं उत्तर सांगायला नको.

हे त्या काळात कुणाला दिसत नव्हतं असंही नाही. इत्झाक एपश्टाइन नावाचा एक ज्यू शिक्षक होता, स्वतः झायोनिस्ट, गॅलिलीतल्या वसाहतींत राहिलेला. त्यानं १९०७ मध्ये हिब्रूत एक लेख लिहिला, 'दडलेला प्रश्न' अशा अर्थाच्या नावाचा. रोश पिना वसाहतीसाठी जमीन घेतली गेली तेव्हा तिथली अरब कुटुंबं हौरानकडे निघाली. पुरुष गाढवांवर, बायका मागून रडत चाललेल्या. तो विलाप आपल्या कानांत अजून आहे असं त्यानं लिहिलं. आपल्या सगळ्या प्रश्नांत मोठा प्रश्न अरबांशी कसं वागायचं हा आहे आणि आपण तो विसरून गेलोय, असं त्याचं म्हणणं. वाद झाला, उत्तरं छापून आली, पुढे चालू.

त्याच्याही आधी, १८९९ च्या मार्चमध्ये, जेरुसलेमचा माजी महापौर युसुफ झिया अल-खालिदी यानं फ्रान्सचे मुख्य रब्बाय झादोक कान यांना एक फ्रेंच पत्र लिहिलं. पत्रात तो ज्यूंच्या इतिहासाचा त्या भूमीशी असलेला संबंध नाकारत नाही, उलट कल्पना न्याय्य आहे असं म्हणतो. पण तिथे आधीच माणसं राहतात, ती बाजूला होणार नाहीत, तेव्हा पॅलेस्टाइनला शांत राहू द्या, अशी देवाची शपथ घालतो. पत्र थिओडोर हर्झलकडे पोचलं. हर्झलनं उत्तर दिलं की तिथल्या लोकांना घालवायचा विचार करतोय कोण? आमच्या येण्यानं त्यांची भरभराटच होईल. या हर्झलनं चार वर्षांपूर्वी स्वतःच्या डायरीत, तिथल्या गरीब लोकसंख्येला गाजावाजा न करता सीमेपलीकडे कामं मिळवून देऊन न्यायचा विचार लिहून ठेवला होता.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं होतं, सापडलं मूळ. मग दुसरा 'का' विचारला. हे लोक आले का?

आणि इथे माझा निकाल अडखळला.

१८८१ मध्ये रशियाच्या झारचा खून झाला आणि त्याचा राग ज्यू वस्त्यांवर निघाला. १९०३ मध्ये किशिनेव्हला दोन दिवसांत ४९ ज्यू मारले गेले. फ्रान्ससारख्या सुधारलेल्या देशात १८९४ मध्ये ड्रायफस या लष्करी अधिकाऱ्याला खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरवलं गेलं आणि गर्दीनं ज्यूंच्या नावानं घोषणा दिल्या. पहिल्या महायुद्धापर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांवर ज्यू बाहेर पडले. त्यांतले बहुतेक अमेरिकेला गेले. पॅलेस्टाइनला गेले ते फार थोडे. म्हणजे पळणाऱ्यांची पहिली पसंती जेरुसलेम नव्हती, न्यूयॉर्क होती. १९२४ मध्ये अमेरिकेनं कायदा करून दार जवळजवळ लावून घेतलं. १९३३ मध्ये हिटलर आला. १९३५ या एका वर्षात साठ हजारांहून जास्त ज्यू पॅलेस्टाइनमध्ये उतरले. १९३८ च्या जुलैत एव्हियाँला ३२ देश जमले, निर्वासितांबद्दल सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि डॉमिनिकन रिपब्लिक सोडता कुणीही नाव घेण्यासारखी जागा देऊ केली नाही. त्यानंतर चार महिन्यांनी जर्मनीभर सिनेगॉग जळाले.

या जाळपोळीनंतर दोन-तीन आठवड्यांतच, २६ नोव्हेंबरला, गांधीजींचा लेख 'हरिजन'मध्ये आला. इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाइन अरबांचं, आणि जर्मनीतल्या ज्यूंनी तिथेच राहून सत्याग्रह करावा, असा त्याचा मथितार्थ. जेरुसलेममधून तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना लांब पत्र लिहिलं. बुबर स्वतः जर्मनी सोडून वर्षभरापूर्वीच आलेले. छळछावणी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे का, असं ते विचारतात. साक्षीदारच नसेल तिथे सत्याग्रह कुणासमोर करायचा? आणि तरी बुबर पुढे हेही म्हणतात की या भूमीवर दोघांचा दावा आहे, एकाच्या दाव्यानं दुसऱ्याचा पुसला जात नाही. ते शेवटपर्यंत दोन्ही लोकांच्या सामायिक राज्याच्या बाजूनं बोलत राहिले आणि आपल्याच लोकांत एकटे पडत गेले.

मी हा पत्रव्यवहार वाचला तेव्हा माझं मन पहिल्यांदा बुबरकडे झुकलं. मग फुलाचा कुळवाडी आठवला. बुबरांची निकड खरी होती, जिवावरची होती. पण ती त्या कुळवाड्यानं निर्माण केली नव्हती. घर जाळलं एकानं, आणि जागा द्यायची दुसऱ्यानं. बुडणाऱ्यानं दुसऱ्याची होडी धरली तर त्याला चोर म्हणता येत नाही. पण होडीवाल्याला, 'तुझी होडी आता आमची, तू दुसरी बघ,' असं म्हणता येतं का? माझ्या लेखी भांडणाची गाठ आसरा आणि मालकी यांच्या मधल्या जागेत आहे. आणि आसरा घेणाऱ्यांना मालकीच का हवी झाली, याचं उत्तरही उघड आहे. दुसऱ्याच्या राज्यात दिलेला आसरा एका रात्रीत काढून घेतला जातो, हे युरोपनं त्यांना शिकवलं होतं. अरबांची भीतीही तितकीच खरी होती. १९३१ च्या जनगणनेत ज्यू सतरा टक्के होते, पाच वर्षांत ते तीस टक्क्यांजवळ गेले, आणि आपल्या देशात कोणी यायचं हे ठरवायचा अधिकार तिथल्या बहुसंख्य लोकांकडे नव्हता.

तो लंडनकडे होता. इंग्रजांबद्दल लिहायला लागलो की माझी भाषा बिघडते, म्हणून थोडक्यात. २ नोव्हेंबर १९१७ चं बाल्फोर यांचं पत्र इंग्रजीत ६७ शब्दांचं आहे. त्यात पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं 'राष्ट्रीय घर' वसवायला पाठिंबा आहे आणि तिथल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांचा उल्लेख 'बिगर-ज्यू समुदाय' असा आहे. त्यांना नागरी आणि धार्मिक हक्क, राजकीय हक्कांचा शब्द नाही. इंग्रजांनी तेव्हा जेरुसलेम जिंकलेलंही नव्हतं. त्याआधी दोन वर्षं ते मक्केच्या शरीफ हुसेनला अरब स्वातंत्र्याची आश्वासनं देत होते. मंत्रिमंडळात एकच ज्यू मंत्री होता, एडविन माँटेग्यू, आपल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधला. त्यानं या पत्राला कडाडून विरोध केला होता. त्याची भीती अशी की ज्यूंना एक 'घर' दिलं की उरलेल्या जगात ते परके ठरतील. अखेरचा निर्णय झाला तेव्हा तो भारताच्या वाटेवर होता.

मग १९३९ मध्ये, अरबांचा तीन वर्षांचा उठाव चिरडून झाल्यावर, याच सरकारनं ज्यूंचं येणं पाच वर्षांत ७५ हजारांवर आणून ठेवलं. नेमकं तेव्हा, जेव्हा जीव वाचवायला त्यांना कुठलंतरी दार हवं होतं. १९४२ च्या फेब्रुवारीत 'स्ट्रुमा' ही बोट काळ्या समुद्रात बुडाली. पॅलेस्टाइनचा परवाना न मिळालेले साडेसातशेहून जास्त ज्यू तिच्यात होते. एक वाचला.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सर्व्हर पडल्यानंतरची ती जी मीटिंग असते, तिचा एक नियम असतो: कुणाचंही नाव घ्यायचं नाही. दोष माणसाचा नसतो, व्यवस्थेचा असतो. सर्व्हरसाठी हा नियम उत्तम आहे, त्यामुळे लोक खरं बोलतात. मी नकळत इतिहासालाही तोच नियम लावत होतो. ऑटोमन कायदा, झारशाही, बाल्फोर, अमेरिकेचं बंद दार. एकेक 'का' मागे सरकत गेला तसतशी सगळी माणसं निर्दोष होत गेली. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी होतंच.

आणि मग २४ ऑगस्ट १९२९ चं हेब्रॉन वाचनात आलं. जेरुसलेममध्ये पश्चिम भिंतीवरून तंटा पेटला होता, अफवा पसरल्या. हेब्रॉनमध्ये जमावानं घरांत शिरून ६७ ज्यूंना मारलं. ही वस्ती शतकानुशतकांची, धर्मनिष्ठ. तिच्यातल्या पुष्कळांना झायोनिझमशी घेणंदेणं नव्हतं, काही तर शिकायला आलेले विद्यार्थी होते. त्याच गावात त्याच दिवशी अरब कुटुंबांनी आपल्या घरांत शेकडो ज्यूंना लपवलं, दारात उभं राहून जमावाला परत पाठवलं. सगळ्यांचा इतिहास एक, सगळ्यांचं गाऱ्हाणं एक, बाल्फोर सगळ्यांनाच लागू. तरी एकानं सुरा उचलला आणि शेजाऱ्यानं दार लावून घेतलं. मूळ कारण या दोघांत फरक करू शकत नाही. मग ते सुरा उचलणाऱ्याची जबाबदारी कशी घेणार?

हाच प्रश्न ९ एप्रिल १९४८ च्या देर यासीनला. इर्गुन आणि लेही या ज्यू सशस्त्र गटांनी तिथे शंभराहून जास्त गावकरी मारले, बायका-मुलांसकट. चार दिवसांनी हदासा हॉस्पिटलकडे निघालेल्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला, ७८ जण मेले, त्यांत डॉक्टर आणि नर्सेस. छळछावण्यांची आठवण देर यासीनचं उत्तर होत नाही आणि देर यासीन हदासाचं होत नाही. बगदादच्या ज्यूंचंही तेच. अडीच हजार वर्षांची वस्ती. १९४१ च्या जूनमध्ये दोन दिवसांच्या दंगलीत १८० च्या आसपास मारले गेले. १९५०-५१ मध्ये सव्वा लाखाच्या जवळपास लोक इराक सोडून गेले आणि सरकारनं त्यांची मालमत्ता गोठवली. त्यांचा पॅलेस्टाइनमधल्या कुठल्याही खरेदीखताशी संबंध नव्हता. पॅलेस्टिनींचे सात लाख बेघर झाले म्हणून बगदादच्या शिंप्याला बेघर करणं, आणि बगदादचा शिंपी बेघर झाला म्हणून सात लाखांचा हिशेब फिटला म्हणणं, या दोन्ही गोष्टी मला सारख्याच निर्लज्ज वाटतात.

लोदच्या हुकमावर सही होती यित्झाक राबिन यांची. तेव्हा वय २६. म्हणजे आज माझ्याहूनही लहान. पुढे ते पंतप्रधान झाले, पॅलेस्टिनींशी करार केला, नोबेल मिळालं आणि १९९५ मध्ये एका ज्यू अतिरेक्यानंच त्यांना गोळ्या घातल्या. १९७९ च्या आत्मचरित्रात त्यांनी लोदबद्दल लिहिलं होतं, की लोक आपखुशीनं निघाले नाहीत, बळ वापरावं लागलं आणि त्या कामानं काही सैनिकांचीही मनं हादरली. इस्रायलच्या सेन्सॉर समितीनं तो मजकूर पुस्तकातून काढायला लावला. तो न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला. राबिन यांच्याकडे कारणांची कमतरता नव्हती: पाच अरब देशांच्या फौजा चालून आलेल्या, तेल अवीव वीस किलोमीटरवर, लोदमध्ये त्याच दिवशी गोळीबार झालेला. तरी त्यांना ते लिहावंसं वाटलं. कारणं पुरत असती तर लिहायची गरज पडली नसती.

तर आजीचा यात वाटा किती?

माझे दोन मित्र यावर चक्क टोकाला गेले. एक म्हणाला, ती वसाहतवादी. दुसरा म्हणाला, ती तर बिचारी गरीब स्थलांतरित, तिला दिला तो फ्लॅट तिनं घेतला. मला दोन्ही पटत नाही. बेने इस्रायल लोकांना तिथे मखरात बसवलं गेलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं ते अस्सल ज्यू आहेत का असा संशय घेतला, त्यांच्या लग्नांआधी वंशावळी तपासायचा फतवा काढला. जेरुसलेममध्ये निदर्शनं करून १९६४ मध्ये त्यांनी तो मागे घ्यायला लावला. म्हणजे आपला दर्जा कुणी नाकारला की कसं लागतं हे आजीच्या पिढीला नेमकं ठाऊक होतं. तिनं कुणाला घालवलं नाही, सही केली नाही. पण तिला त्या मातीत राहता आलं ते १९५० च्या दोन कायद्यांमुळे. एकानं जगातल्या कुठल्याही ज्यूला येऊन नागरिक होता येतं, दुसऱ्यानं निघून गेलेल्या पॅलेस्टिनीची मालमत्ता सरकारजमा होते. रेवदंड्याच्या मुलीला येता येतं, अल-लिदच्या मुलीला परत येता येत नाही. हे आजीचं पाप आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या भिंतीचं घर कुणाचं होतं, हा प्रश्न तिच्यापुरता 'आम्ही आलो तेव्हापासून असंच आहे' इथे संपतो असंही मला म्हणता येत नाही. एवढं ती देणं लागते, निदान माहीत असणं.

असं मी हॉटेलात, रात्री, आजीच्या मलिद्याचा डबा फ्रीजमध्ये ठेवून, ठरवून टाकलं होतं.

सोमवारी ऑफिसात कॉफी मशीनपाशी तिचा नातू भेटला. आपणहून म्हणाला, "तिला माहीत आहे कुणाचं ते."

१९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँक इस्रायलच्या ताब्यात आली, तेव्हा मधली सीमा उठली आणि रामल्लाच्या निर्वासित छावण्यांतून लोक आपली जुनी घरं पाहायला येऊ लागले. त्या ऑगस्टमध्ये एक म्हातारा मुलाला घेऊन आला आणि भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिला. आजीला येऊन वर्षच झालेलं, हिब्रू धड येत नव्हती, अरबी मुळीच नाही. तिनं त्यांना पाणी दिलं. मग काय करावं ते न सुचून झाडाची अंजिरं काढली आणि पिशवी भरून त्याच्यापुढे धरली.

"मग?" मी विचारलं.

"पुढचं ती दर वेळी वेगळं सांगते," तो म्हणाला. "कधी म्हणते त्यानं घेतली. कधी म्हणते, पिशवी तिथेच कट्ट्यावर ठेवून तो गेला."